आधी गॅप, मग टायमिंग

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला तीन जुन्या गाड्या आल्या होत्या. एक मॉरिस मायनर, एक ट्रायम्फ आणि एक माझी १९६९ची एमजीबी. वडे अजून डब्यात होते, पण पाच-सहा पुरुषमंडळी तेवढ्यात बॉनेटभोवती जमली होती. मायनर येताना वाटेत दोनदा बंद पडली होती. त्यावर लगेच दोन मतं आली. एक गृहस्थ म्हणाले, "पॉइंट काढून फेका आणि इलेक्ट्रॉनिक बसवा, विषय संपला." दुसरे वयाने मोठे. ते म्हणाले, "अहो, आमच्या नाना पेठेतले मिस्त्री नुसत्या कानाने टायमिंग लावायचे. मीटर नाही, पुस्तक नाही." दोघांनाही भोवतालच्यांनी मान डोलावली. मला दोघांचंही पटलं नाही, पण तेवढ्यात वड्यांचा डबा उघडला. म्हणून संपादकांकडे चार पानं मागून घेतली.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि बॅटरी असते बारा व्होल्टची. मधलं काम कॉइल करते. पण कॉइलमधून करंट वाहत असताना ठिणगी पडत नाही, तो करंट एकदम तोडला की पडते. तोडायचं काम डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांचं. भारतात आपण त्यांना सीबी पॉइंट म्हणायचो. शर्टाच्या बटणाहूनही लहान अशा धातूच्या दोन टिकल्या, एक पक्की, एक हलणारी. मध्ये चार कोपऱ्यांचा कॅम फिरतो. त्याचा प्रत्येक कोपरा हलणाऱ्या पॉइंटच्या टाचेला ढकलतो, टिकल्या सुटतात आणि त्याच क्षणी कुठल्यातरी एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा होतं. इतक्या वेळा उघडमीट करणारी वस्तू झिजणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

लावायच्या गोष्टी दोन. टिकल्या पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात किती फट राहते, ती गॅप. आणि पिस्टन वर येत असताना नेमक्या कुठल्या क्षणी त्या उघडतात, ते टायमिंग. माझ्या गाडीत लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्यूटर आहे. त्याची गॅप १४ ते १६ थाऊ, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. टायमिंग, इंजिन बंद ठेवून लावताना, पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या १० अंश आधी. तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या पुस्तकात बघा, माझे उचलू नका.

या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि गाड्या बिघडतात त्या इथेच. फट मोठी ठेवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. फट लहान झाली की उशिरा पडते. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर "जरा गॅपही बघून घेऊ" असं म्हणून स्क्रू हलवला की आधीची सगळी मेहनत वाया. आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा केलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की तो प्रत्येक डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर छापला पाहिजे असं मला वाटतं.

आता कानाबद्दल. नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींची जातकुळी मला चांगली ठाऊक आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत वडिलांची फियाट घेऊन मी अशाच एका गॅरेजात तासन्‌तास बसलेलो आहे. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून मिस्त्री गॅप बघायचे. मग इंजिन चालू करून एका हाताने डिस्ट्रिब्यूटर धरायचे, डोळे मिटायचे आणि तो थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचे. इंजिनाचा सूर चढायचा, ते किंचित मागे यायचे, बोल्ट आवळायचे. "घ्या साहेब." आणि गाडी खरंच छान चालायची. दिवसाला चार-पाच फियाट आणि अँबॅसेडर त्यांच्या हाताखालून जायच्या, रोज, वीस-पंचवीस वर्षं. त्यांचा कान हा त्या हजारो गाड्यांचा हिशोब होता. तो माझ्याकडे नाही. वर्षातून एकदा एकाच गाडीचे पॉइंट लावणाऱ्या, इथे आयटीत किंवा एनएचएसमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

हे मला कळायला एक पिस्टन जावा लागला.

एमजीबी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नवे पॉइंट टाकले, फट डोळ्यांनीच लावली आणि मिस्त्रींसारखे डोळे मिटून डिस्ट्रिब्यूटर फिरवला. सूर चढला, किंचित मागे आलो, बोल्ट आवळला. स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला फेरफटका मारायला म्हणून वेल्समध्ये घेऊन गेलो. लँगोलेनच्या पुढे हॉर्सशू पासचा चढ आहे. टप खाली केलेला, कानात वारा, एक्झॉस्टचा आवाज. इंजिन नॉकिंग करत असलं तर पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा आवाज येतो. तो येत असणारच, पण ऐकू आला नाही. परत येताना मोटरवेवर गाडीची ताकद गेली आणि मागे निळा धूर दिसायला लागला. हेड उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वितळून गेलेली दिसली. त्या वर्षी आमचं भारतात जाणं रद्द झालं, आणि ते का रद्द झालं हे घरच्यांना फोनवर समजावताना मला फार कसरत करावी लागली.

चूक नेमकी कुठे झाली हे नंतर वाचून, तपासून कळलं. रिकामं, भार नसलेलं इंजिन सर्वांत जोरात फिरतं ते बऱ्याच लवकरच्या ठिणगीवर. त्यामुळे "सूर चढेल तिथे थांबा" ही रीत तुम्हाला मुळातच पुढे नेऊन ठेवते. त्यावर वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरच्या आतली वजनं बाहेर फेकली जाऊन ठिणगी आणखी पुढे नेतात. चढावर, पूर्ण भारावर, इंजिनाला नेमकी उलटी गरज असते. शिवाय मी ठेवलेली फट मोठी होती, त्याने आणखी भर घातली. "किंचित मागे" येणं म्हणजे किती मागे, हे मिस्त्रींच्या मनगटाला माहीत होतं, माझ्या नाही. आणि त्यांच्या गाड्या पुण्यात तीस-चाळीसच्या वेगाने धावायच्या. इथे सत्तरने तासभर सलग चालवायची, हा फरकही आहेच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोजा. फीलर गेज चार-पाच पौंडांत मिळतो. पण जुन्या पॉइंटांवर तोही फसवतो. करंट तोडता तोडता एका टिकलीवरचा धातू दुसरीवर चढतो, एकीवर खड्डा पडतो, दुसरीवर टेंगूळ येतं. गेजची सपाट पट्टी टेंगळाला टेकते आणि तुम्हाला वाटतं पंधरा थाऊ, प्रत्यक्षात फट त्याहून बरीच जास्त. यावर उपाय ड्वेल मीटर. पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते तो सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला कॅमचे ९० अंश येतात. माझ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये त्यातले ६०, तीन इकडे-तिकडे, पॉइंट मिटलेले हवेत. तेवढ्या वेळात कॉइल भरते. हा आकडा एका अंशाने बदलला की टायमिंगही क्रँकच्या एका अंशाने सरकतं. गॅप आणि टायमिंग बांधलेली आहेत म्हटलं ते हे.

ड्वेल मीटरचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत काटा बघा. काटा स्थिर राहिला तर ठीक. तो डुगडुगायला लागला, चार-पाच अंश हलला, तर डिस्ट्रिब्यूटरची दांडी तिच्या बुशात सैल झाली आहे. मग तुम्ही गॅप कितीही काळजीने लावा, ती प्रत्येक फेरीत बदलणार. सहलीतल्या त्या मायनरचं नंतर हेच निघालं. तिच्या मालकाने सहा महिन्यांत तीन वेळा पॉइंट बदलले होते.

टायमिंगसाठी तर मीटरही लागत नाही. एक बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, पुलीवरची खाच १० अंशांच्या खुणेसमोर लावायची, बल्ब डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टर्मिनलला आणि इंजिनाच्या धातूला जोडायचा, स्विच चालू करायचा. माझ्या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्यूटर आधी त्याच दिशेला जरा जास्तच फिरवून ठेवायचा आणि मग घड्याळाच्या दिशेने हळूहळू आणायचा. बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळायचं. काम झाल्यावर स्विच बंद करायला विसरू नका. पॉइंट मिटलेले असताना तो चालू राहिला तर कॉइल तापून जाते. (हेही अनुभवाचे बोल.)

कानाचं काम इथे सुरू होतं, सगळं लावून झाल्यावर. आपल्या इंजिनांसाठी पुस्तकातले आकडे ठरले तेव्हाचं पेट्रोल आता राहिलेलं नाही. शिसं घातलेलं फोर-स्टार इथे २०००च्या सुरुवातीला बंद झालं आणि सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ पेट्रोल ई१० झालं. जुन्या गाडीत ई५चं महाग पेट्रोलच घालावं हे मी सगळ्यांना सांगतो. तरीही गाडीगाडीत फरक असतो. तेव्हा टप वर करून, खिडक्या मिटून, रेडिओ बंद करून एखाद्या चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढून बघा. छर्रे वाजले तर थोडं मागे या. २५डी४ला त्यासाठी बाजूला एक खाचांचं चक्र दिलेलं आहे, एकेका खाचेला टिक्‌ असा आवाज करणारं. पंचावन्न टिक्‌ म्हणजे पाच अंश. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीवर इंग्रज लोक जन्मभर विनोद करत आले, अंधाराचा राजपुत्र म्हणतात ते तिला. पण अंशाचा अकरावा हिस्सा बोटाने फिरवता येईल अशी सोय करून देणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच वाटतो.

आता इलेक्ट्रॉनिकवाल्यांकडे वळतो. त्यांच्या बाजूने बरंच बोलता येतं आणि मी ते मान्य करतो. पॉइंटांच्या जागी बसणारं ते छोटं मॉड्यूल झिजत नाही, कारण त्याला घासणारी टाच नसते. सैल बुशचाही त्याला कमी त्रास होतो. हल्ली बाजारात मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर यांचा दर्जाही घसरलेला आहे. माझ्याकडे दोन नवेकोरे कंडेन्सर महिन्याभरात गेले आणि एक रोटर आर्म आतल्या रिव्हेटमधूनच करंट दांडीत सोडायला लागला. रोज गाडी चालवणाऱ्याने मॉड्यूल बसवलं तर मी नाव ठेवणार नाही.

माझी तक्रार आहे ती "विषय संपला" या शब्दांशी. मॉड्यूल फक्त पॉइंटांची जागा घेतं. खालची वजनं, त्यांच्या पन्नास वर्षांच्या ताणलेल्या स्प्रिंगा, बाजूची फाटलेली व्हॅक्यूमची डबी, हे सगळं जुनंच राहतं. टायमिंग तर मॉड्यूल बसवल्यावर पुन्हा लावावंच लागतं, आणि ते न लावता वर्षभर फिरणारे दोघं तरी मला माहीत आहेत. पॉइंट बिघडताना आधी सांगतात. सकाळी स्टार्टला त्रास, पिकअप कमी, मधूनच मिसिंग. मॉड्यूल जातं तेव्हा गेलेलं असतं. मोटरवेच्या कडेला उभं राहून ते उघडून बघण्यासारखं काही नसतं. पॉइंट मात्र नेलफाइलने घासूनही घरापर्यंत आणता येतात. मॉड्यूल बसवाच, पण पॉइंट लावायला शिकल्यानंतर, आणि जुना पॉइंट-कंडेन्सरचा जोड डिकीत ठेवून.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलायला मंडळी टाळतात. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. रोड टॅक्स नाही. लंडनच्या युलेझचा आकार नाही. आपल्याला एवढ्या सवलती मिळाल्या म्हणजे आता आपल्या इंजिनाकडे बघणारं कुणी उरलं नाही. फायबरची टाच झिजते, गॅप कमी होते, ठिणगी महिन्यागणिक उशिरा पडत जाते. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतच नाही. त्याला वाटतं गाडी म्हातारी झाली. इंजिन तापतं, पेट्रोल जास्त पितं, अर्धवट जळलेला धूर मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर जातो. शेजारी युलेझच्या निकषांत न बसणाऱ्या डिझेल गाडीसाठी दिवसाला साडेबारा पौंड भरत असताना आपण फुकट जातो. तेव्हा वर्षातून एक तास बॉनेटखाली घालवणं ही आपल्याकडून किमान अपेक्षा आहे.

पुन्हा एकदा त्या मिस्त्रींकडे येतो, कारण काकांना उत्तर द्यायचं राहिलं आहे. त्यांच्याकडे दोन पोरं होती. चार वर्षं त्यांनी कार्ब्युरेटर धुतले, पाने हातात दिले. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, गॅप किती ठेवायची. "बघून शिक," मिस्त्री म्हणाले. आकडा त्यांनी कधी सांगितला नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल, त्यांच्या उस्तादानेही त्यांना पुठ्ठाच दाखवला असेल. मिस्त्री गेल्यावर वडिलांची फियाट पुन्हा कधी धड चालली नाही. पोरं प्लगवर प्लग बदलत राहिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर असे किती कान गेले असतील याची बातमी झाली नाही. आपल्याकडे या कानांचं कौतुक फार झालं. त्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही, शिकणाऱ्याला काही सांगितलं नाही, याबद्दल आपण त्यांना कधी दोष दिला नाही. मी देतो, आणि त्यांच्याबद्दल प्रेम असूनही देतो.

या वर्षी जीसीएसईनंतरच्या सुट्टीत मंडळातल्या एका मैत्रिणीची सोळा वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची. तिला गाडी "कशी चालते ते बघायचं" होतं. मी तिला हातात पुस्तक, फीलर गेज आणि ड्वेल मीटर दिला आणि मुद्दाम गप्प बसलो. तिने कॅम फिरवून टाच बरोबर कोपऱ्याच्या टोकावर आणली, पंधरा थाऊची पट्टी घातली, स्क्रू आवळला. मीटरने ६१ दाखवले. मग बल्ब लावून टायमिंग. दोन तास लागले, त्यात खाली पडलेला बारका स्क्रू शोधण्यात अर्धा तास गेला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी तिला हॉर्सशू पासची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "पण काका, आकडा तर पुस्तकात लिहिलेलाच होता ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

पुढच्या महिन्यात तिला अँबॅसेडरची गंमत सांगायची आहे. अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बी-सिरीज घराण्यातली, सख्खी चुलत भावंडं. ॲबिंग्डनला बनलेल्या गाडीवर ती जे शिकली ते तिच्या आजोबांच्या कोल्हापूरच्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीला बरंचसं तसंच लागू पडेल. डिसेंबरात ती तिकडे जाणार आहे. फीलर गेज बरोबर नेणार म्हणते. सामानात टाक, हातातल्या बॅगेत नको, एवढा सल्ला मी दिला आहे.

दिवाळी फराळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून माझं गॅरेज उघडं असेल. मायनरवाले येणार आहेत, डिस्ट्रिब्यूटरला नवा बुश बसवून. नाना पेठवाल्या काकांनाही आग्रहाचं निमंत्रण आहे. त्यांनी कानाने लावावं, मग आपण मीटर लावून बघू. चहा आणि उरलेला चिवडा माझ्याकडे. येताना तुमच्या गाडीतून काढलेले जुने पॉइंट फेकून न देता घेऊन या. त्यांच्यावरचा खड्डा आणि टेंगूळ मुलांना दाखवायला हवे आहेत.